कुल्ल्यातली कळ आणि सायटिका: घरी करायची फिजिओथेरपी

बराच वेळ बसून उठताना कुल्ल्यात खोलवर कळ येते, मांडीच्या मागून पोटरीपर्यंत मुंग्या उतरतात, आणि घरातलं कुणीतरी लगेच सांगून मोकळं होतं, "मणक्यात गॅप आला असेल." दर वेळी दोष मणक्याचाच असतो असं नाही. कुल्ल्याच्या मोठ्या स्नायूखाली पिरिफॉर्मिस नावाचा एक छोटा स्नायू असतो. माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडापासून तो निघतो आणि मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला, म्हणजे खुब्याच्या बाजूला हाताला लागणाऱ्या उंचवट्याला जोडला जातो. कमरेतून पायात उतरणारी सायटिक नस बहुतेकांमध्ये याच्या खालून जाते, काहींमध्ये तिचा एक भाग स्नायूच्या मधूनच जातो. स्नायू आखडला, सुजला किंवा सतत दाबला गेला की नस चिडते आणि कळ पायात उतरते, तिलाच सायटिका म्हणतात. दोन मणक्यांमधली गादी, म्हणजे डिस्क, सरकली तरी तीच नस चिडते, फक्त वर, मुळाशी. व्यायाम दोन्हींत वेगळा असल्यामुळे आधी ओळख पटवायला हवी.

आधी ओळख

खोकताना, शिंकताना किंवा शौचाला जोर करताना पायात कळ जात असेल, भाताच्या लावणीला वाकल्यावर दुखणं वाढत असेल, तर संशय डिस्कवर घ्यावा. पाठीवर झोपून दुसऱ्या कुणाला तरी गुडघा सरळ ठेवून तुमचा पाय हळूहळू उचलायला सांगा. 30 ते 70 अंशांच्या दरम्यान गुडघ्याखाली झणका गेला तर तो संशय पक्का होत जातो.

पिरिफॉर्मिसचं दुखणं बहुधा एकाच कुल्ल्यात असतं. बोट ठेवून जागा दाखवता येते, कडक बाकावर बसलं की वाढतं, चार पावलं चाललं की सैल होतं. चाचणी अशी: दुखऱ्या पायाची बाजू वर ठेवून कुशीवर झोपा, वरचा पाय खुब्यात साधारण 60 अंश वाकवा, गुडघाही वाकवा, आणि तो गुडघा पुढे जमिनीकडे सोडा. कुल्ल्यात तीच ओळखीची कळ आली, तर हा स्नायू त्यात आहे. एकट्या चाचणीवर शिक्कामोर्तब करता येत नाही. एमआरआयचंही तसंच आहे: काहीही दुखत नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येसुद्धा फुगलेली डिस्क सर्रास दिसते.

दोन्ही तळव्यांची आग होत असेल तर आधी साखर आणि बी-12 तपासा. कळ जांघेत असेल आणि मांडी घालून बसता येत नसेल तर खुब्याचा सांधा बघायला हवा.

लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि गुदद्वाराभोवती बधिरता येणं, यांपैकी काहीही झालं तर व्यायाम बंद. त्याच दिवशी एमआरआय आणि मणक्याच्या शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं, वाहन नसेल तर 108 ला फोन करायचा. इथे "नस बसवून" घेण्यात घालवलेला वेळ पुढे भरून निघत नाही. पाऊल लुळं पडलंय का हे बघायला टाचांवर दहा पावलं चाला. जमलं नाही, किंवा चालताना एकाच पायातली चप्पल नकळत निसटत असेल, तर डॉक्टरकडे जायला उशीर करू नका. दुखण्यासोबत ताप, वजन घटणं, पूर्वीचा कर्करोग किंवा म्हातारपणी पडणं असेल, तरीही आधी तपासणी.

स्नायू सैल करणं

पहिला ताण: पाठीवर झोपा, दुखऱ्या बाजूचा गुडघा दोन्ही हातांनी धरून विरुद्ध खांद्याकडे ओढा. 20 ते 30 सेकंद थांबा, तीन वेळा, सकाळ-संध्याकाळ. दुसरा ताण: दुखऱ्या पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा आणि खालच्या पायाची मांडी छातीकडे ओढून घ्या. दोन उलट दिसणारे ताण एकाच स्नायूला कसे, असा प्रश्न पडतो. खुबा सरळ असताना हा स्नायू मांडी बाहेर फिरवतो, आणि खुबा पुरेसा वाकला की आत. म्हणून ज्याला एक ताण जाणवतच नाही त्याला दुसरा जाणवतो. जो लागू पडेल तो ठेवा.

ओढ कुल्ल्यात जाणवायला हवी. पायात मुंग्या आल्या तर स्नायूऐवजी नसच ताणली जातेय, तेव्हा ताण निम्मा करा. झटके देऊ नका. पायाची बोटं धरून वाकण्याचा शाळेतला व्यायाम या दुखण्यात हमखास घात करतो, कारण चिडलेली नस त्यात पूर्ण लांबीने ओढली जाते.

दाब द्यायचा तर टेनिसचा बॉल भिंत आणि कुल्ला यांच्यामध्ये धरून, 60 ते 90 सेकंद. जमिनीवर बॉलवर बसलं की अख्ख्या अंगाचा भार नसेवर येतो. सीझनबॉल तर नकोच. मुंग्या आल्या की बॉल बाहेरच्या अंगाला सरकवा. शेक 15 मिनिटं, मध्ये टॉवेल ठेवून. बधिर कातडीला चटका कळत नाही, त्यामुळे मधुमेह असेल तर शेकाची पिशवी आधी दुसऱ्याच्या हाताला लावून बघा.

नसेसाठी वेगळा व्यायाम आहे. पाय लोंबतील एवढ्या उंच पलंगावर किंवा ओटीच्या कडेला बसा. गुडघा सरळ करताना मान वर, गुडघा वाकवताना हनुवटी छातीकडे. नस एका टोकाने ओढली जाते तेव्हा दुसऱ्या टोकाने सैल सोडली जाते, म्हणजे ती फक्त सरकते. दहा वेळा, दिवसातून दोनदा, कुठेही न थांबता. मान आणि पाय यांचा मेळ उलटा झाला की दोन्ही टोकांनी ताण बसतो आणि रात्री पाय ठणकतो.

ताकद

लोक ताण देतात आणि इथे येऊन सोडून देतात. स्नायू आखडतो तो बऱ्याचदा शेजारचे मोठे स्नायू काम टाळतात म्हणून. दोन आठवडे ताण देऊन फरक नसेल तर ताण वाढवू नका, ताकदीवर भर द्या.

कुशीवर झोपून, गुडघे वाकवून, टाचा एकत्र ठेवून वरचा गुडघा शिंपलीसारखा उघडा. दहाच्या दोन फेऱ्यांनी सुरुवात, खाली आणताना मनात तीन मोजा, पुढे पंधराच्या तीन फेऱ्या. कंबर मागे लोळली की व्यायाम वाया जातो, म्हणून पाठ भिंतीला टेकवून करा. मग पाठीवर झोपून कंबर उचलणं: वर पाच सेकंद थांबा, दहा वेळा. मांडीच्या मागे गोळा आला तर टाचा कुल्ल्याजवळ घ्या. हे सोपं वाटू लागलं की सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुडघ्यांच्या वर बांधून आडवी पावलं टाका, दोन्ही दिशांना दहा-दहा. शेवटी 15 ते 20 सेंटीमीटर उंचीच्या जांभ्याच्या पायरीवरून एका पायाने सावकाश खाली उतरा. गुडघा आत झुकू द्यायचा नाही. आरशात बघितलं तर लगेच कळतं.

डिस्कचं दुखणं असेल तर वरचे ताण आणि ताकदीचे व्यायाम लगेच सुरू करू नका. बऱ्याच जणांना पालथं झोपून कोपरांवर छाती उचलल्याने आराम पडतो, पण कुठल्या दिशेला वाकायचं हे फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घ्या. कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कमरेत परत येत असेल तर दिशा बरोबर आहे, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. कळ खाली पसरू लागली तर थांबा.

दिवसभराचं बसणं

दहा मिनिटांचा व्यायाम आठ तासांच्या चुकीच्या बसण्यापुढे टिकत नाही. मागच्या खिशातलं पाकीट काढा. पुढच्या सीटवर प्रवासी घेऊन अर्ध्या बुडावर रिक्षा चालवणाऱ्याचा एक कुल्ला दिवसभर दबलेला असतो. त्याने तेवढं भाडं सोडलं तरच उपाय लागू पडतील. आडाळीवर एक पाय दुमडून नारळ खवताना एकच खुबा पिळला जातो, तेव्हा ओट्यावर बसवायची खवणी घ्या. आंब्याच्या पेट्या भरताना मांडी घालून बसण्यापेक्षा चार रिकाम्या पेट्यांवर फळी टाका आणि उभ्याने भरा. लावणीत दर वीस मिनिटांनी सरळ उभं राहून, हात कमरेवर ठेवून पाच-सहा वेळा मागे वाका. एसटीने मुंबईला जाताना गाडी थांबेल तिथे उतरा, नुसतं उभं राहिलं तरी पुष्कळ. झोपताना कुशीवर, गुडघ्यांत उशी.

चालणं चांगलं, पण पुळणीवर कुठे चालता ते बघा. भरतीच्या वेळी किनाऱ्याचा उतार तीव्र असतो, एक पाय सतत खाली पडतो आणि खुबा ओढला जातो. ओहोटीला ओली, घट्ट, सपाट वाळू मोकळी होते, तिथे 15 मिनिटांपासून सुरुवात करा. कोरड्या भुसभुशीत वाळूत पहिले काही आठवडे नको.

नियमित केलं तर बहुतेकांना पहिला फरक दोन-तीन आठवड्यांत जाणवतो. पूर्ण आराम पडायला सहा ते आठ आठवडे धरा. सहा आठवड्यांत काहीच हललं नाही तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, स्नायूत इंजेक्शनचा पर्याय असतो. माडावर चढणं किंवा चिरे उचलणं पुन्हा सुरू करण्याआधी दुखऱ्या पायावर 30 सेकंद न डगमगता उभं राहता आलं पाहिजे आणि पायरीवरून दहा वेळा मुंग्यांशिवाय उतरता आलं पाहिजे. पहिला आठवडा निम्मंच काम धरा, आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोनदा चालू ठेवा.