कागदावर भुंगेरा बसवायचा तर: हूफनागेलच्या धर्तीवर कीटक आणि फूल

कागद गुळगुळीत, हॉट प्रेस (गरम दाबाने सपाट केलेला) घ्या. खरबरीत कागदावर भुंगेऱ्याचा पाय नीट उमटत नाही. सोळाव्या शतकातला फ्लेमिश चित्रकार योरिस हूफनागेल तर चर्मपत्रावर रंगवायचा. पवित्र रोमन सम्राट रुडॉल्फ दुसरा याच्यासाठी त्याने १५९०च्या दशकात एका जुन्या सुलेखनाच्या पोथीत फुलं, शिंपले, किडे रंगवले. ती पोथी आज अमेरिकेतल्या गेटी संग्रहालयात आहे.

मेलेला, सुकलेला भुंगेरा समोर ठेवा, फिक्या पेन्सिलीने खऱ्या मापाचं रेखाटन करा. रंग पातळ थरांनी चढवा, पाठीवरची चकाकी शेवटी पांढऱ्या गुआशने (अपारदर्शक जलरंगाने) द्या. इथवर कुणालाही जमतं.

खरी मेख सावलीत आहे आणि माझाही हात इथेच बरेच दिवस अडला होता. ‘खाली थोडा करडा रंग फिरवा’ हा सल्ला कृपा करून ऐकू नका. त्याने किडा कागदावर पडलेल्या डागासारखा दिसतो. खोलीतली ट्यूब बंद करा, डावीकडून एकच दिवा लावा आणि किड्याआधी त्याची सावली बघा. पाय जिथे कागदाला टेकतो, तिथूनच पायाची सावली निघते. पाय आणि सावली मिळून इंग्रजी व्ही दिसतो. टेकण्याच्या जागी ती गडद आणि धारदार हवी. धड मात्र पायांवर उचललेलं असतं, म्हणून त्याची सावली उजवीकडे सरकते आणि कडेला विरते. जर्मन चित्रकार ड्यूररचा १५०५चा भुंगेरा याच जोरावर डोकं वर काढून उभा आहे.

काळा रंग डबीतच राहू द्या. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) भरपूर पाण्यात मिसळा. सावलीतून कागद दिसलाच पाहिजे. चतुराच्या पंखाची सावली याहून फिकी ठेवा. (पंख रंगवण्याचा कंटाळा आलाच, तर हूफनागेलने एका चित्रात चतुराचे खरे पंखच चिकटवले होते.)

फुलाचा देठ कागदाच्या चिरेतून ओवल्यासारखा दाखवायचा असेल तर दोन बारीक गडद रेघा काढा आणि त्यांच्यामधला देठ रंगवूच नका. तो तुकडा कागदाच्या मागच्या बाजूला रंगवा. हूफनागेलनेही तेच केलं आहे. जागा जुळवायला टाचणी टोचू नका, कागद खिडकीच्या काचेवर धरून खूण करा.