‘ज्यू आणि लोकशाही राज्य’ : हा विषय अभ्यासवर्गात कसा घ्यावा

सोलापुरात वाचनालयात, महाविद्यालयात किंवा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत इस्रायलचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो. एखादे राज्य स्वतःला एका लोकसमूहाचे राष्ट्रीय घर म्हणवते आणि त्याच वेळी सर्व नागरिकांना समान हक्कांची हमी देते, तेव्हा या दोन्ही गोष्टी एकत्र कशा नांदवायच्या, हा तो प्रश्न आहे. तो पंधरा-वीस जणांच्या वर्गात नीट हाताळायचा असेल, तर ‘ज्यू’ आणि ‘लोकशाही’ या दोन विशेषणांवर वाद घालू नये. एकेक कायदा समोर ठेवावा आणि त्याने कोणाला काय दिले व कोणाला काय नाकारले, हे विचारत जावे.

सुरुवात १४ मे १९४८ च्या स्वातंत्र्यघोषणेपासून करावी. डेव्हिड बेन-गुरियन यांनी तेल अवीवमध्ये वाचलेल्या त्या मसुद्यात ज्यू राज्याची स्थापनाही आहे आणि धर्म, वंश व लिंग यांचा विचार न करता सर्व रहिवाशांना सामाजिक व राजकीय हक्कांत पूर्ण समता देण्याचे वचनही आहे. दोन्ही भाग वर्गात मोठ्याने वाचून घ्यावेत, कारण पुढचा सारा ताण या दोन भागांतूनच निघतो. त्याच मसुद्यात राज्यघटना त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपर्यंत स्वीकारली जाईल असे म्हटले होते. ती आजतागायत झालेली नाही. ज्या १९५० साली आपली घटना अमलात आली, त्याच साली क्नेसेटने, म्हणजे त्यांच्या संसदेने, घटना एकदम न करता एकेक मूलभूत कायद्याच्या रूपाने रचण्याचे ठरवले. भारतीय वाचकाने हा फरक सतत ध्यानात ठेवावा.

त्यानंतर कायद्यांचे दोन गट पाडावेत : दारात कोणाला घ्यायचे हे ठरवणारे आणि घरात असलेल्यांशी कसे वागायचे हे ठरवणारे. पहिल्या गटात १९५० चा परतीचा कायदा येतो. त्यानुसार जगातील कोणत्याही ज्यू व्यक्तीला इस्रायलमध्ये येऊन स्थायिक होण्याचा हक्क आहे. १९७० च्या दुरुस्तीने तो ज्यूंची मुले, नातवंडे आणि त्यांचे जोडीदार यांनाही मिळाला. नाझी छळातून पळणाऱ्या ज्यूंना देशोदेशी प्रवेश नाकारला गेला, हे आठवले की या कायद्यामागची निकड कळते, आणि माझ्या मते त्याचे समर्थन करता येते. मात्र १९४८ च्या युद्धात घर सुटलेल्या पॅलेस्टिनी कुटुंबांना तसा हक्क नाही, हेही त्याच बैठकीत सांगावे. एक सांगून दुसरे पुढच्या आठवड्यावर ढकलू नये.

या टप्प्यावर बेने इस्रायलांचे उदाहरण जरूर घ्यावे. कोकणात शनवार तेली म्हणून ओळखला जाणारा, घरी मराठी बोलणारा हा समाज मोठ्या संख्येने इस्रायलला गेला, आणि तिथे विवाहाच्या वेळी त्यांच्या ज्यू असण्याविषयीच धर्मपीठाने शंका घेतली. इस्रायलमध्ये विवाह धार्मिक न्यायालयांच्या अखत्यारीत असल्यामुळे ही शंका थेट संसाराच्या आड येत होती. समाजाने आंदोलन केले आणि १९६४ मध्ये क्नेसेटने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. राज्याची ओळख एका समूहाशी बांधली की त्या समूहात कोण मोडतो हे ठरवण्याची सत्ता कोणाकडे तरी जाते आणि तिचा चटका खुद्द ज्यूंनाही बसू शकतो, हे मराठी माणसाला या उदाहरणातून चटकन कळते.

दुसऱ्या गटाला अधिक वेळ द्यावा. इस्रायलच्या नागरिकांत सुमारे एक पंचमांश अरब आहेत. त्यांना आरंभापासून मताधिकार होता, तरी त्यांच्यापैकी बहुसंख्य लोक १९६६ पर्यंत लष्करी अमलाखाली राहत होते आणि प्रवासासाठी त्यांना परवाना घ्यावा लागे. मार्शल लॉ काय असतो, हे १९३० चा इतिहास जाणणाऱ्या सोलापूरकराला वेगळे सांगावे लागत नाही. मत देता येते एवढ्यावर लोकशाहीचा हिशेब पुरा होत नाही, हे येथेच स्पष्ट करावे. पुढे २००० मध्ये कात्झीर येथे घरासाठी जागा मागणाऱ्या एका अरब दांपत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्याला जमीन देताना ज्यू आणि अरब असा भेद करता येणार नाही असा निर्णय दिला. ज्यू राज्य म्हणजे ज्यू नागरिकांना झुकते माप नव्हे, ही मांडणी करणाऱ्यांचा हा सर्वांत भक्कम आधार आहे.

मग २०१८ चा राष्ट्र-राज्य कायदा घ्यावा. तो ६२ विरुद्ध ५५ मतांनी संमत झाला. इस्रायलमध्ये राष्ट्रीय स्वयंनिर्णयाचा हक्क केवळ ज्यू लोकांचा आहे, हिब्रू ही राज्याची भाषा आहे, अरबीला विशेष दर्जा आहे आणि ज्यू वसाहतींचा विकास हे राष्ट्रीय मूल्य आहे, असे तो म्हणतो. भाषेचे कलम पूर्व भागातील तेलुगूभाषक सभासदाकडून किंवा घरी कन्नड वा उर्दू बोलणाऱ्याकडून वाचून घ्यावे आणि आपल्या भाषेविषयी असे लिहिले गेले तर काय वाटेल, हे त्यालाच विचारावे. चर्चा लगेच जमिनीवर येते. ध्वज, राष्ट्रगीत, सुट्ट्या यांत बहुसंख्याकांची छाप असणे पुष्कळ लोकशाही देशांत आढळते, आणि मला त्यात मोठे वैगुण्य दिसत नाही. वैगुण्य आहे ते समतेचा उल्लेखही न करण्यात. न्यायालयाने २०२१ मध्ये हा कायदा वैध ठरवला. त्या खंडपीठातील एकमेव अरब न्यायाधीशांनी विरोधी मत नोंदवले.

न्यायालयाचा विषय थोडक्यात आटपावा. १९९२ च्या मानवी प्रतिष्ठा व स्वातंत्र्याच्या मूलभूत कायद्यात ‘ज्यू आणि लोकशाही राज्य’ ही शब्दयोजना आली, १९९५ मध्ये न्यायालयाने मूलभूत कायद्यांशी विसंगत कायदे रद्द करण्याचा आपला अधिकार प्रस्थापित केला, आणि २०२३ मध्ये सरकारने न्यायालयाचे अधिकार आवळायला घेतल्यावर प्रचंड निदर्शने झाली. ‘वाजवीपणा’च्या कसोटीवर सरकारी निर्णय तपासण्यास मनाई करणारी दुरुस्ती न्यायालयाने १ जानेवारी २०२४ रोजी ८ विरुद्ध ७ मतांनी रद्द केली. लिखित घटनेविना समतोल किती पातळ दोरीवर उभा असतो, हे त्या एका मतावरून दिसते.

शेवटची वीस मिनिटे सीमेच्या प्रश्नासाठी राखून ठेवावीत. १९६७ पासून वेस्ट बँक इस्रायलच्या लष्करी ताब्यात आहे. तेथील पॅलेस्टिनींना क्नेसेटसाठी मत नाही, आणि तिथेच राहणाऱ्या इस्रायली वसाहतवाल्यांना आहे. म्हणून जो सभासद ‘समतोल साधला आहे’ किंवा ‘साधलेला नाही’ असे म्हणेल, त्याला आपण कोणत्या सीमेच्या आतील राज्याविषयी बोलत आहोत हे आधी सांगायला लावावे, आणि त्याचे उत्तर फळ्यावर लिहूनच पुढच्या वक्त्याला बोलू द्यावे.