विंडोज टाकलं, पण मशीन उठत नाही? परत फॉरमॅट मारू नका

इन्स्टॉलेशन पूर्ण, रीस्टार्ट आणि काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’. नाशकात कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: ‘परत फॉरमॅट मार.’ हा सल्ला ऐकून डोकं फिरतं. ज्या कारणाने पहिलं विंडोज उठलं नाही, त्याच कारणाने दुसरंही उठणार नाही.

पेनड्राइव्ह काढा, बायोस (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगचा पडदा) उघडा, डिस्क दिसते का बघा. दिसत नसेल तर केबल किंवा स्लॉट तपासा. जुन्या डेस्कटॉपची तारीखही मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा गोल सीआर२०३२ सेल बदला. तो संपला की बूट मोडसकट (मशीन सुरू होण्याची पद्धत) सगळ्या सेटिंग पुसल्या जाऊ शकतात.

डिस्क दिसते, तरी अडलंय? मग खरी गोम मोडमध्ये आहे. विंडोजला जोडी जुळलेलीच लागते: जुन्या लेगसी मोडला एमबीआर डिस्क, नव्या युईएफआयला जीपीटी (एमबीआर-जीपीटी म्हणजे डिस्कचे भाग नोंदवायचे दोन प्रकार). बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह बऱ्याचदा दोनदा दिसतो, एका नावाआधी ‘युईएफआय’ असतं. लोक डोळे झाकून वरचा निवडतात. ज्या नावाने तो उघडला, त्याच मोडमध्ये विंडोज बसतं.

तपासायला पेनड्राइव्हवरून सेटअप सुरू करून शिफ्ट-एफ१० दाबा, ‘डिस्कपार्ट’ आणि मग ‘लिस्ट डिस्क’ टाइप करा (कमांड अर्थात इंग्रजीत). शेवटच्या जीपीटी रकान्यात चांदणी असेल तर बायोस युईएफआयवर न्या, नसेल तर लेगसीवर. निम्म्या केसेस इथेच मिटतात.

मोड जुळूनही उठत नसेल तर मी पहिला प्रश्न विचारतो: इन्स्टॉल करताना दुसरी डिस्क जोडलेली होती का? एमजी रोडवरून एसएसडी आणायची, जुनी हार्ड डिस्क तशीच ठेवून विंडोज टाकायचं, हा आपला सर्रास प्रकार. जुन्या डिस्कवर ईएफआय पार्टिशन (बूट फाइलींसाठीचा छोटा भाग) असेल तर इन्स्टॉलर बूट फाइल खुशाल तिथेच ठेवतो. विंडोज एसएसडीवर, त्याची किल्ली हार्ड डिस्कवर. ती डिस्क काढली की संपलं. म्हणून विंडोज टाकताना दुसरी डिस्क काढून ठेवायचीच. यात मी वाद घालत नाही.

आता झालंच असेल तर विंडोज न पुसता दुरुस्ती होते. डिस्कपार्टमध्ये ‘लिस्ट व्हॉल्यूम’ बघा आणि आकारावरून विंडोजचं व्हॉल्यूम ओळखा. अक्षरावर विसंबू नका. सेटअपमध्ये सी ड्राइव्ह कधी डी होतो, कधी ई, आणि घाईत डेटाचं पार्टिशन निवडलं जातं. विंडोजचं व्हॉल्यूम निवडून ३०० एमबीने श्रिंक करा (तेवढी जागा मोकळी करा), मग एसएसडी निवडून मोकळ्या जागेत २६० एमबीचं ईएफआय पार्टिशन करा, फॅट३२ने फॉरमॅट करा, त्याला ‘एस’ अक्षर द्या. डिस्कपार्टमधून बाहेर येऊन:

बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ युईएफआय

‘सी’च्या जागी तुम्हाला दिसलेलं अक्षर. व्हिडिओंमध्ये मिरवणारं ‘बूटरेक /फिक्सएमबीआर’ इथे मारून काही होणार नाही, ते लेगसीसाठी आहे.

उठल्यावर निळ्या पडद्यावर ४८ आकडी बिटलॉकर की (विंडोजच्या डिस्क-कुलपाची किल्ली) मागितली, तर मोबाइलवर तुमचं मायक्रोसॉफ्ट अकाउंट उघडा, बहुधा तिथेच सापडेल.