लॅपटॉपवर प्रजाती फुटताना पाहायच्या असतील तर

सुरुवातीच्या जीवांचं संगणकी मॉडेल करायला बसलं की बहुतेक जण आधी वंशवृक्ष काढतात. मला ते पटत नाही. आदिम पेशी एकमेकींशी इतकी जनुकं वाटून घेत होत्या की स्वतंत्र वंश असे नव्हतेच, ही देवाणघेवाण मंदावल्यावर ते वेगळे झाले, असं सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ कार्ल वूज यांनी २००२ साली मांडलं. या टप्प्याला ते ‘डार्विनियन उंबरठा’ म्हणत. तेव्हा झाड मॉडेलमधून उगवायला हवं, आधीच आत रोवायचं नाही.

पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा आणि तिची नम्पाय ही आकडेमोडीची लायब्ररी पुरे. ५०० जीव घ्या, प्रत्येकाचा जीनोम (सगळा जनुकसंच) २०० बिटांचा, सुरुवातीला सगळी शून्यं. दर पिढीत प्रत्येक नव्या जीवासाठी मागच्या पिढीतला कोणताही एक पालक निवडा, त्याचा जीनोम उतरवा आणि प्रत्येक बिट ०.०००५ इतक्या शक्यतेने उलटवा. नैसर्गिक निवड तूर्त नकोच. तिच्याशिवायही प्रजाती फुटतात, हीच तर गंमत.

आधी जनुकांची देवाणघेवाण बंद ठेवून कोड तपासा. ४ × जीवसंख्या × उत्परिवर्तन दर इथे १ येतो, त्यावरून कोणत्याही दोन जीवांत सरासरी २५ टक्के बिट वेगळे असायला हवेत. हा आकडा पिढीगणिक खूप हेलकावतो, म्हणून हजारो पिढ्यांची सरासरी काढा.

आता प्रत्येक नव्या जीवात मागच्या पिढीतल्या कुठल्याही दात्याचा २० बिटांचा सलग तुकडा, त्याच जागी, चिकटवा. सरासरी जवळपास तीच राहील! बदलतो तो जोडीजोडीतल्या फरकांचा हिस्टोग्राम (कोणता फरक किती जोड्यांत आहे, याचा स्तंभालेख): विखुरलेली शिखरं जाऊन २५ टक्क्यांभोवती एकच अरुंद टेकाड उरतं. सरासरीवर विसंबणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

शेवटी अट घाला: दाता आणि घेणारा यांच्यात १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर तुकडा नाकारायचा. खऱ्या जिवाणूंमध्येही डीएनएतला फरक वाढला की असं पुनर्संयोजन, म्हणजे परका तुकडा आपल्या डीएनएत जोडून घेणं, झपाट्याने घटतं. पॉल हिग्ज आणि बर्नार्ड डेरिडा या भौतिकशास्त्रज्ञांनी १९९१ साली अशीच मर्यादा लैंगिक प्रजननाला लावली होती. मर्यादा २५ टक्क्यांच्या बरीच खाली असल्यामुळे सगळी वस्ती एकसंध राहू शकत नाही. तिचे गट पडतात.

पण गठ्ठे दिसले म्हणजे प्रजाती झाल्या असं नाही. देवाणघेवाण बंद असतानाही गठ्ठे पडतातच, निव्वळ नात्यागोत्यामुळे. म्हणून जीनोम मधोमध कापा आणि दोन्ही अर्ध्यांवरून वेगवेगळे वंशवृक्ष काढा. देवाणघेवाण नसेल तर दोन्ही झाडं बहुतांशी जुळतात, मोकाट असेल तर जुळत नाहीत. मोठ्या फांद्या जुळल्या आणि प्रत्येक फांदीच्या आतल्या डहाळ्यांचा मेळ बसला नाही, म्हणजे देवाणघेवाण गटाच्या आत चालू पण गटागटांत बंद असली, तरच त्या गटांना मी प्रजाती म्हणेन.