दार्जिलिंगचं झू पॉइंटवाल्या टॅक्सीत उरकू नका

मे महिन्यात दार्जिलिंग-गंगटोकला निघालेल्यांना एकच सांगणं, तिथलं पद्मजा नायडू झू सेव्हन पॉइंटच्या पॅकेजमध्ये (एकाच टॅक्सीत सात ठिकाणं उरकणारी फेरी) घेऊ नका. ड्रायव्हर देणार जेमतेम तासभर, त्यात तिकिटाची रांग, चढ, फोटो आणि आज्जींना लागलेली धाप, मग प्राणी बघायचे कधी?

गुरुवारी बंद असतं, म्हणून हॉटेल बुक करतानाच वार बघा. बाकी कुठल्याही दिवशी सकाळी उघडल्या उघडल्या आत शिरायचं. चौरस्ता म्हणजे दार्जिलिंगचा मुख्य चौक, तिथून चालत अर्ध्या तासात आरामात पोचता येतं. जागा जवळपास ७००० फुटांवर आहे आणि आतही नुसता चढउतार, त्यामुळे ग्रिपवाले बूट हवेतच, चपला नकोत.

एवढी घाई कशाला तर रेड पांडासाठी. दुपारी हा पठ्ठ्या झाडाच्या बेचक्यात शेपटीत तोंड खुपसून झोपलेला असतो आणि पब्लिक खालून "कुठंय, कुठंय" करत पुढे जातं. सकाळी मात्र खाली येऊन बांबूचा पाला खातो, तेव्हा त्याचा पुढचा पंजा बघा, मनगटाचं एक हाड वाढून अंगठ्यासारखं झालंय आणि त्याच्या आधारानं तो फांदी धरतो, काय मस्त दिसतं ते!

हत्ती-जिराफ शोधत फिरू नका, इथं भर हिमालयातल्या प्राण्यांवर आहे. हिमबिबट्या, हिमालयन लांडगा, काळं अस्वल, रंगीबेरंगी फेझंट पक्षी वगैरे. १९५८ पासूनचं हे झू, आणि खरं काम, म्हणजे दुर्मिळ प्राण्यांची पैदास, पिंजऱ्यांच्या मागे चालतं. २००३ मध्ये इथल्या दोन रेड पांडा माद्या दार्जिलिंगजवळच्या सिंगालीला नॅशनल पार्कच्या जंगलात सोडल्या होत्या. हिमबिबट्याचं ब्रीडिंग सेंटर तर वेगळ्या जागी आहे, तिथं टुरिस्टना एंट्री नाही, कारण गर्दीत हे प्राणी बुजतात. तेव्हा एखादा पिंजरा रिकामा दिसला म्हणून पैसे वाया गेले असं म्हणू नका, आणि जाळीवर हात आपटून, शिट्ट्या मारून तर बिलकुल उठवू नका, पोरांनाही आधीच दम देऊन ठेवा. (मोठ्यांना कोण देणार हा वेगळा प्रश्न!)

त्याच आवारात हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट आहे. तिथलं एव्हरेस्ट म्युझियम आणि तेनझिंग नोर्गेंची समाधी यांना वेगळा तास ठेवा. म्हणजे एकूण तीन तास धरा, टॅक्सी त्यानंतरच बोलवा.