प्रॅक्टिस सांभाळून एलएलएम कसं करावं

दर वर्षी जूनच्या सुमारास बार रूममध्ये एखादा ज्युनिअर माझ्यापुढे चहा ठेवतो आणि विचारतो, "मॅडम, एलएलएम (कायद्यातली पदव्युत्तर पदवी) करू का?" माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो, "कशासाठी?" उत्तर बहुतेक वेळा "पाटीवर बरं दिसतं" याच्या आसपास घुटमळतं. पाटीसाठी करायचं असेल तर चहा पिऊन कामाला लागा. माझी पदवी होऊन बरीच वर्षं झाली. एकाही पक्षकाराने आजवर ती विचारलेली नाही. ते फी किती आणि तारीख कधी एवढंच विचारतात.

तरी मी एलएलएम केलं, आणि नंतर चेंबरमधल्या सहा जणांकडून करून घेतलं. त्या अनुभवावरून लिहिते आहे. अर्ज कुठे मिळतो, कोणती कागदपत्रं लागतात हे तुम्हाला कळतं असं धरून चालते. सनद (वकिलीचा परवाना) असलेल्या माणसाला झेरॉक्सची यादी काय द्यायची?

१. कारण एका ओळीत लिहून काढा

शिकवायचं असेल तर एलएलएमला पर्याय नाही. सहायक प्राध्यापक व्हायला एलएलएमला ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना सवलत आहे) आणि शिवाय नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. इथे ५४.९९ म्हणजे ५५ नव्हे, वर ढकलून देत नाहीत. त्यामुळे "पास झालं की झालं" हा एलएलबीचा खाक्या पहिल्या दिवसापासून सोडा.

न्यायाधीश व्हायचं असेल तर गणित वेगळं आहे. सेवेत असलेल्या न्यायिक अधिकाऱ्याला एलएलएममुळे आगाऊ वेतनवाढी मिळतात, हे खरं. पण आत शिरण्यासाठी सुप्रीम कोर्टाने २० मे २०२५ च्या निकालात तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. एलएलबीचा निकाल लागला रे लागला की सनद बाजूला ठेवून एलएलएमला पळणाऱ्यांनी हा निकाल आधी वाचावा. वर्गात बसून काढलेली वर्षं म्हणजे वकिली नव्हे. आधी सनद घ्या, कोर्टात उभे राहा.

कंपनीच्या कायदा विभागात जायचं असेल किंवा आहात तिथेच वर सरकायचं असेल, तर उपयोग होतो, पण शाखा नेमकी निवडली तरच.

२. एक वर्षाचं की दोन वर्षांचं

यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१३ मध्ये एक वर्षाच्या एलएलएमची वाट उघडली. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२० च्या नियमांत ती बंद करायला घेतली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठांमधले एक वर्षाचे वर्ग चालूच राहिले. आपल्याकडे अशी विद्यापीठं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. ती पूर्ण वेळ मागतात. तालुक्याला प्रॅक्टिस असेल तर हे वर्षभर बंद ठेवायचं दुकान आहे. ज्याच्या घरी दुसरा कमावता आहे त्याने जावं, चांगलंच आहे.

बाकीच्यांनी जवळच्या विद्यापीठाचा दोन वर्षांचा, चार सत्रांचा अभ्यासक्रम घ्यावा. मी तोच केला. प्रवेशाआधी आपल्या सनदेच्या दृष्टीने काही अडचण नाही ना, हे राज्याच्या बार कौन्सिलकडून लेखी घ्या. "सगळेच करतात" हे उत्तर कोणत्याही शिस्तभंग समितीपुढे चालत नाही.

मोबाइलवर "घरबसल्या एक्झिक्युटिव्ह एलएलएम" अशा जाहिराती येतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. बार कौन्सिलने २०२५ मध्ये अशा विनामान्यता ऑनलाइन आणि दूरशिक्षणाच्या एलएलएमबद्दल स्पष्ट इशारा दिला आहे.

३. प्रवेश परीक्षा

राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठीची क्लॅट पीजी म्हणजे १२० प्रश्न, १२० मिनिटं, चुकीला पाव गुण वजा. ती आता डिसेंबरात होते, म्हणजे जूनमध्ये चहा घेऊन येणाऱ्याची ती गाडी आधीच सुटलेली असते.

४. शाखा

तुमच्या कपाटात ज्या फायली जास्त, ती शाखा घ्या.

५. वर्ग आणि हजेरी

सकाळचं लेक्चर आणि कोर्टाचं अकराचं बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) यांच्यात जमेल तेवढं जमवा. तारखा सांभाळायला एक विश्वासू सहकारी आधीच गाठून ठेवा. परीक्षा अवघड नसतात.

६. डिझर्टेशन (लघुप्रबंध): इथे माणसं बुडतात

मीही बुडाले होते, म्हणून इथे जरा थांबते.

तिसऱ्या सत्रात सिनॉप्सिस (विषयाची रूपरेषा) मागतात. मी पहिला विषय नेला तो "धनादेश अनादराचा कायदा: एक चिकित्सक अभ्यास". आमच्या गाइडनी कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "वकीलबाई, हा विषय नाही. हे पुस्तकाच्या दुकानातलं कपाट आहे." मला राग आला. कलम १३८ च्या, म्हणजे चेक न वटल्याच्या, केसेस मी रोज चालवत होते, मला त्यातलं काय कळत नव्हतं? घरी जाऊन पहिलं प्रकरण लिहायला बसले. "धनादेशाचा इतिहास" या नावाखाली बारा पानं भरली आणि तेराव्या पानावर काही सुचेना. सुचणार कसं? मी कुठलाच प्रश्न विचारला नव्हता, नुसती माहिती रचत होते.

ही चूक दहातले नऊ जण करतात. "भारतातील महिलांचे हक्क", "सायबर गुन्हे आणि कायदा", "पर्यावरण कायदा: आव्हाने आणि उपाय" ही शीर्षकं मी ज्युनिअरच्या हातात पाहिली की कागद तिथल्या तिथे परत देते. शीर्षकात "आणि" आला की संशय घ्या, "एक चिकित्सक अभ्यास" आला की खोडा. विषय असा हवा की तो प्रश्नाच्या रूपात एका दमात विचारता येईल आणि त्याचं उत्तर "हो", "नाही" किंवा "अमुक असेल तर" असं देता येईल.

असा प्रश्न वाचनालयात बसून सापडत नाही. मला तो कोर्टात सापडला. १ सप्टेंबर २०१८ पासून निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टमध्ये १४३-अ हे कलम आलं. खटला चालू असतानाच आरोपीने फिर्यादीला धनादेशाच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम नुकसानभरपाई द्यावी, असा हुकूम मॅजिस्ट्रेट करू शकतात. आरोपीला साठ दिवस, पुरेसं कारण असेल तर आणखी तीस. माझ्याकडे तेव्हा २०१६-१७ मधल्या जुन्या फिर्यादी होत्या आणि पक्षकार मागे लागले होते, "मॅडम, आपल्यालाही अर्ज द्या की." जुन्या फिर्यादींना हे कलम लागू होतं का? एका कोर्टात अर्ज मंजूर, शेजारच्या कोर्टात नामंजूर. विषय माझ्या हातातच होता आणि मी मात्र धनादेशाचा इतिहास लिहीत होते!

गाइडनी हा विषय एका मिनिटात मान्य केला. मे २०१९ मध्ये सुरिंदर सिंग देसवाल प्रकरणात सुप्रीम कोर्टाने त्याच कायद्यातलं, अपिलात आरोपीला रक्कम भरायला लावणारं १४८ कलम जुन्या फिर्यादींनाही लागू केलं होतं. त्याच धर्तीवर मी सिनॉप्सिस रचला. आणि ३० जुलै २०१९ ला जी. जे. राजा प्रकरणाचा निकाल आला: १४३-अ फक्त कलम आल्यानंतरच्या गुन्ह्यांना लागू. माझ्या प्रश्नाचं उत्तर सुप्रीम कोर्टाने देऊन टाकलं, तेही माझ्या उलट. संध्याकाळी बार रूममध्ये ती बातमी ऐकली तेव्हा इतरांच्या दृष्टीने तो एक निकाल होता. माझ्या दृष्टीने चाळीस पानं रद्दीत गेली होती.

तेव्हा जे शिकले ते लिहून ठेवते. ज्या प्रश्नाचा निकाल वरच्या कोर्टाच्या एका ओळीने लागू शकतो, त्यावर संपूर्ण डिझर्टेशन उभं करू नका. कायदा काय सांगतो याच्या जोडीला तो प्रत्यक्षात कसा राबतो, हा भाग ठेवाच. तो निकालाने वाहून जात नाही. मी प्रश्न फिरवला: मॅजिस्ट्रेट १४३-अ खाली हुकूम करताना कारणं देतात का? कलमात "शकेल" आहे, म्हणजे हुकूम करणं सक्तीचं नाही. मग २० टक्के ही कमाल मर्यादा असताना सरसकट २० टक्केच का?

मग हुकूम वाचायला घेतले. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर प्रत्येक वेळी कॅप्चा भरत, रात्री दहानंतर. एका वहीत रकाने आखले: फिर्याद कधीची, धनादेशाची रक्कम, अर्ज कोणत्या निशाणीवर (कागदाचा कोर्टातला क्रमांक), हुकूम किती ओळींचा, टक्के किती, कारण काय, पैसे भरले का. एक हुकूम अजून पाठ आहे. "अर्ज मंजूर. आरोपीने २० टक्के रक्कम साठ दिवसांत जमा करावी." बस्स. आरोपीचं म्हणणं काय होतं, ते का पटलं नाही, त्याची ऐपत काय, एक अक्षर नाही. दुसऱ्या एका हुकुमात दीड पान कारणं होती आणि टक्के दहा. हे दोन हुकूम शेजारी शेजारी ठेवले आणि माझं तिसरं प्रकरण आपोआप लिहून झालं.

तुम्हीही हेच करा. वही उघडा, रकाने आखा, आणि दहा हुकूम वाचून झाल्यावर रकाने बदला, कारण पहिले रकाने चुकलेले असतातच. पन्नास ते शंभर हुकूम एका माणसाला झेपतात. पाचशेचा संकल्प सोडणारे विसाव्यावर थांबतात. एकाच जिल्ह्याचे घ्या आणि तसं शीर्षकात लिहा, त्यात कमीपणा नाही. "भारतातील" हा शब्द खोडून "जिल्ह्यातील" लिहिलं की निम्मं ओझं उतरतं. हुकूम निवडलेत कसे, तेही एका परिच्छेदात प्रामाणिकपणे सांगा. स्वतः चालवलेल्या केसेस घेत असाल तर ते लपवू नका आणि पक्षकारांची नावं काढून टाका.

प्रश्नावल्यांचा सोस मात्र नको. वीस वकिलांना गूगल फॉर्म पाठवून "७५ टक्के वकिलांना असं वाटतं" म्हणणारी पानं परीक्षक वाचतही नाहीत. वकिलांना काय वाटतं हे बार रूममध्ये फुकट ऐकायला मिळतं.

आधी कोणी काय लिहिलंय हे बघायला शोधगंगा, म्हणजे पीएचडी प्रबंधांचं ऑनलाइन भांडार, उघडा. तुमच्याच विषयावर पीएचडी सापडली तर घाबरू नका, तिच्या शेवटच्या प्रकरणातल्या शिफारशी वाचा. पुढचा प्रश्न बहुधा तिथेच पडलेला असतो. सुप्रीम कोर्टाच्या निकालांचे अधिकृत अहवाल ई-एससीआर या संकेतस्थळावर फुकट आहेत, त्यामुळे महागड्या डेटाबेसचं सदस्यत्व नाही ही सबब आता चालत नाही.

माझा प्रश्न पुढे वाया गेला नाही. मार्च २०२४ मध्ये राकेश रंजन श्रीवास्तव प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की १४३-अ बंधनकारक नाही, मॅजिस्ट्रेटने प्रथमदर्शनी गुणदोष आणि आरोपीची आर्थिक स्थिती बघायची आणि थोडक्यात का होईना कारणं द्यायची. माझं डिझर्टेशन तोवर कपाटात धूळ खात होतं, पण अशा अर्जांना विरोध करताना लागणारे मुद्दे माझ्याकडे तयार होते. एलएलएमने माझ्या प्रॅक्टिसला प्रत्यक्षात दिलं ते एवढंच, आणि ते पुरेसं आहे.

७. उचलेगिरी आणि सायटेशन (निकालांचे संदर्भ)

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० टक्क्यांना दुरुस्त करून पुन्हा सादर करायला लावतात, ४० ते ६० ला वर्षभर सादर करण्यावर बंदी, ६० च्या वर नोंदणीच रद्द. कायद्याच्या कलमांचा मजकूर आणि संदर्भसूची यात धरत नाहीत, त्यामुळे कलम आपल्या शब्दांत फिरवून लिहिण्याचा वेडेपणा करू नका. कलम फिरवलं की त्याचा अर्थ फिरतो.

एआयकडून सायटेशन घेऊ नका. अस्तित्वात नसलेला निकाल वर्षासकट, पान क्रमांकासकट ठोकून देतं. जो निकाल स्वतः उघडून, लागू परिच्छेद वाचून खूण केली नाही, तो तळटीपेत जाता कामा नये. एका ज्युनिअरच्या कच्च्या मसुद्यात मला असे दोन निकाल सापडले. त्याला मी सगळ्या तळटीपा पुन्हा तपासायला लावल्या. आठ दिवस तो माझ्याशी धड बोलत नव्हता.

८. व्हायवा (तोंडी परीक्षा)

माझी लॉकडाऊनमुळे ऑनलाइन झाली. प्रश्न दोनच: तुमचं म्हणणं एका वाक्यात सांगा, आणि ते खोटं ठरवायचं तर काय दाखवावं लागेल? दुसऱ्याचं उत्तर तयार ठेवा.

९. बाइंडिंग

विद्यापीठाने सांगितल्यापेक्षा दोन प्रती जास्त काढा, एक गाइडना आणि एक स्वतःला. बांधणीला द्यायच्या आधी प्रमाणपत्राच्या पानावर गाइडची सही आहे का ते बघा. गेल्या वर्षी आमच्यातली एक जण सगळ्या प्रती सोनेरी अक्षरांत बांधून घेऊन आली. सहीचं पान कोरं, आणि सर गावाला गेलेले.