नखांच्या बाबतीत या चुका टाळा, बघायचं असतं मुळाकडे

नखाचं काहीही बिघडलं की आपण टोकाकडे बघतो, कापतो, घासतो, पॉलिश लावतो, पण नख तयार होतं मागे, त्वचेखालच्या मुळाशी. अंगठ्यावर पांढरट चंद्रकोर दिसते ना, तो त्या मुळाचाच बाहेर दिसणारा भाग. पुढचं सगळं केराटिन नावाचं निर्जीव प्रोटीन, त्याला तेल लावलं तर ते कमी तुटेल, पण वाढीचा वेग त्याने बदलत नाही.

हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिमी वाढतं आणि पायाचं जेमतेम दीड. पुण्याच्या श्रीधर चिल्लाल यांनी 1952 पासून डाव्या हाताची नखं कापलीच नव्हती, 2018 मध्ये कापली तेव्हा अंगठ्याचं नख 197.8 सेंमी भरलं, म्हणजे हिशोब केला तर महिन्याला अडीच मिमीच! म्हणून हाताचं पूर्ण नख बदलायला चार ते सहा महिने आणि पायाच्या अंगठ्याचं बदलायला वर्ष-दीड वर्ष लागतं.

हे माहीत नसल्यामुळे होणारी सगळ्यात मोठी चूक म्हणजे बुरशीचं औषध मध्येच सोडणं. पावसाळ्यात चिखल्या होतात, पाय दिवसभर ओल्या बुटात, मग नख पिवळं, जाड होतं आणि भुगा पडायला लागतो. डॉक्टर पायाच्या नखासाठी बहुतेक वेळा तीन महिन्यांच्या गोळ्या देतात आणि लोक महिनाभरात म्हणतात काही फरक नाही, बंद. अहो, खराब झालेला तुकडा गोळीने सुधारत नाहीच, मागून चांगलं नख येऊन त्याला पुढे ढकलतं, त्यामुळे दर महिन्याला फोटो काढा आणि मुळाशी स्वच्छ पट्टी वाढतेय का तेवढंच बघा. आणि गोळ्या सुरू करायच्या आधी नखाची तपासणी नक्की करून घ्या, कारण सोरायसिस या त्वचेच्या आजारामुळे किंवा घट्ट बुटांमुळेही नख असंच दिसतं, उगाच गोळ्यांचा भार लिव्हरवर कशाला?

पांढरे ठिपके दिसले की कॅल्शियमच्या गोळ्या आणू नका, बहुतेक वेळा मुळाला आधी कधीतरी लागलेलं असतं, ठिपका नखासोबत पुढे जातो. आडवी खाच पडली असेल तर ती मुळापासून किती मिमीवर आहे ते मोजा, हाताच्या नखावर 6 मिमी असेल तर साधारण दोन महिन्यांपूर्वी मोठा ताप किंवा आजारपण येऊन गेलं का ते आठवा. बो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 1846 मध्येच या खाचांचं वर्णन केलंय.

पायाच्या अंगठ्याचे कोपरे खोल गोल कापू नका, नख मांसात घुसतं आणि मग पू होतो, सरळ कापा. डायबेटिस असेल तर घरी कोरत बसू नका, डॉक्टरकडेच जा. पार्लरमध्ये क्युटिकल कापू देऊ नका, ते मुळाचं झाकण आहे, ते गेलं की नखुरडं व्हायला वेळ लागत नाही. केस-नखांसाठी बायोटिन या व्हिटॅमिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्ततपासणीच्या आधी डॉक्टरांना सांगा, थायरॉईडचे रिपोर्ट चुकू शकतात.

आणि एक चूक मात्र कधीच करू नका, एकाच नखावर मुळापासून टोकापर्यंत काळी उभी रेघ आली तर "काहीतरी लागलं असेल" म्हणून सोडून देऊ नका. मार लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं, रेघ जर तिथेच राहिली किंवा रुंद व्हायला लागली तर तो त्वचेचा कॅन्सरही असू शकतो, त्याच आठवड्यात स्किनच्या डॉक्टरांना दाखवा.